नौपाड्यातलं पोळी-भाजी केंद्र: रुपया वाढवला, माणूस कमी केलं नाही

ठाण्यात राम मारुती रोडजवळच्या गल्लीतलं छोटं पोळी-भाजी केंद्र. घडीच्या पोळ्या रात्रीपर्यंत मऊ राहतात, मुगाची उसळ फारच छान. कोबीची भाजी मात्र सपक.

पण मला सांगायचंय ते पोळ्या लाटणाऱ्या बायकांबद्दल. बहुतेक जणी कळवा, दिव्याहून लोकलने येतात. पावसात रुळांवर पाणी साचलं की मालकीणबाई पहाटेच फोन करतात, "निघू नका गं!" त्या दिवसाची मजुरी कापत नाहीत. त्या दिवशी आम्हा गिऱ्हाइकांना पोळीऐवजी पिठलं-भात मिळतो, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये असं मला मनापासून वाटतं.

१९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर महागला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर हिशेबाची वही उघडली. पोळीमागे रुपया वाढवला, पण कुणालाही घरी बसवलं नाही. दहावी बाई कामाला घेतली तशी ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, नोंदणी केली: पगाराच्या ३.२५ टक्के मालकाचे, ०.७५ टक्के कामगाराचे. मनगट धरलेल्या एका मावशींचे उपचार त्यातूनच झाले.

ऑर्डर अकराच्या आत द्या. एक वाजता बायकांची जेवणाची सुट्टी होते, तेव्हा गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी तवा बंद.