पिंग जी४३० मॅक्स: नागपूरच्या उन्हात आणि काळ्या मातीत

गोल्फचे क्लब बनवणाऱ्या पिंगचा जी४४० हा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्यासाठीचा क्लब) जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यामुळे २०२३ चा जी४३० मॅक्स आता मागच्या पिढीत गेला आहे. आठवड्यातून एक-दोनदा खेळणाऱ्या, अठरा-वीस हँडिकॅपच्या (फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तितके जास्त लागणाऱ्या) नागपूरकरानं आज कोणता ड्रायव्हर घ्यावा, असं विचारलं तर आमचं उत्तर तरीही हाच. मात्र नुसतं मॉडेलचं नाव ठरवून भागत नाही. लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पुढच्या भागाचा, तिरकेपणा) कुठला, शाफ्ट (दांडा) कुठला आणि कोणत्या महिन्यात मारून पाहिला, यावर क्लबचा खर्च वसूल होतो की बॅगेत पडून राहतो ते ठरतं.

आधी हेड, म्हणजे दांड्याच्या टोकाचा जड भाग. ते ४६० सीसीचं आहे, म्हणजे नियमांनी ठरवलेल्या कमाल आकाराचं. मागच्या कडेला २५ ग्रॅमचं वजन आहे आणि ते ड्रॉ (चेंडू डावीकडे वळवणारी), न्यूट्रल, फेड (उजवीकडे वळवणारी) अशा तीन जागी बसवता येतं. वजन इतकं मागे असल्यामुळे चेंडू फेसच्या मध्यापासून बोटभर बाजूला लागला तरी हेड हातात फारसं वळत नाही. चेंडूचा वेग थोडा पडतो, पण तो फेअरवेच्या (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) आसपास तरी राहतो. दोन्ही बाजूंना दाट झाडं असलेल्या अरुंद होलवर हाच गुण सगळ्यांत मोलाचा. दहा यार्ड कमी गेलेला चेंडू पुढच्या फटक्यात भरून काढता येतो. कडुनिंबाच्या बुंध्यामागे बसलेला नाही येत.

याच घराण्यातला मॅक्स १०के जानेवारी २०२४ मध्ये आला. १०के या आकड्यानं बरेच जण गोंधळतात. नियमांप्रमाणे उभ्या अक्षाभोवतीचा एमओआय (हेडचा वळण्याला होणारा विरोध) ५,९०० च्या पुढे नेता येत नाही. १०के म्हणजे उभ्या आणि आडव्या अक्षाची बेरीज दहा हजारांवर. त्यामुळे फेसवर वर-खाली लागणाऱ्या चेंडूंनाही आधार मिळतो. स्पिनही (चेंडूची फिरकी) मॅक्सपेक्षा किंचित कमी. पण त्यातलं २८ ग्रॅमचं वजन पक्कं बसवलेलं आहे, ते ड्रॉकडे सरकवता येत नाही. म्हणून निवड सोपी आहे. ज्याचा चेंडू कायम उजवीकडे स्लाइस होतो त्यानं साधा मॅक्स घ्यावा आणि वजन ड्रॉवर बसवावं. ज्याचा एक चेंडू टोवर (फेसच्या बाहेरच्या टोकाला), एक हीलवर (दांड्याकडच्या बाजूला), एक खाली असा फेसभर विखुरतो, त्यानं १०के. (हे उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.)

आपण कुठल्या गटात, हे अंदाजानं ठरवू नका. पांढऱ्या फळ्यावर लिहायचा काळा मार्कर घ्या, चेंडूवर रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका काढा आणि तो ठिपका क्लबच्या फेसकडे येईल असा चेंडू टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ठेवा. फटक्यानंतर फेसवर काळा डाग उमटतो. मोबाइलनं फोटो काढा, अंगठ्यानं डाग पुसा, पुढचा चेंडू लावा. असे दहा. घरी बसून ते दहा फोटो एकापाठोपाठ पाहिले की दुकानदाराला विचारायचं फारसं काही उरत नाही. डाग सगळे हीलकडे असतील तर स्लाइसचं निम्मं कारण तिथेच सापडलं. चेंडू मध्यापासून दूर लागला की हेड थोडं वळतं, त्यामुळे हीलवर लागलेल्या चेंडूला उजवीकडे वळवणारा स्पिन मिळतो आणि टोवर लागलेल्याला डावीकडे. अशा वेळी नवा क्लब घेण्याआधी चेंडूपासून अर्धा इंच लांब उभं राहून पाहावं. त्याला पैसे पडत नाहीत. फेसच्या खालच्या भागात लागलेला चेंडू कमी उंचीनं निघतो आणि जास्त स्पिन घेतो. तोच वरच्या भागात लागला तर उंच निघतो आणि स्पिन कमी राहतो.

लॉफ्टमध्ये चुका सर्वांत जास्त होतात. मॅक्स ९, १०.५ आणि १२ अंशांत येतो. ९ अंश घेणं म्हणजे चांगला खेळाडू असण्याची खूण, हा समज काही जात नाही. स्विंगचा वेग ताशी ८५ मैलांच्या खाली असेल तर १२ घ्यावा. ८५ ते ९५ मध्ये १०.५. त्यापुढे आणि क्लब वर जाताना चेंडूला मारत असाल तरच ९ चा विचार. वेग कमी आणि लॉफ्टही कमी, अशा वेळी चेंडूला हवेत राहायला पुरेशी उंची मिळत नाही आणि तो लवकर खाली येतो.

आपल्याकडे ही चूक उन्हाळ्यात दिसतही नाही. एप्रिलमध्ये फेअरवे डांबरासारखा टणक झालेला असतो. ९ अंशाचा बुटका फटका १७० यार्डांवर टेकतो आणि पुढे तीस-चाळीस यार्ड घरंगळतो. माणूस खूश होतो, क्लब घेऊन टाकतो. जुलैत माती भिजली की तोच चेंडू जिथे टेकला तिथेच रुततो. पोळ्यापर्यंत असंच चालतं आणि दोष मात्र क्लबला मिळतो. म्हणून लॉफ्ट ठरवताना चेंडू शेवटी कुठे थांबला ते बघू नका. पहिला टप्पा कुठे पडला तेवढंच मोजा.

हवामानाचा दुसरा घोळ याहून सूक्ष्म आहे. डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत, पहाटे १२ अंश तापमान असतं. नवतप्यात दुपारी पारा ४५ च्या घरात. गरम हवा विरळ असते, चेंडूला अडथळा कमी होतो आणि गरम चेंडू फेसवरून जास्त जोरानं उसळतो. नुसत्या तापमानामुळे ड्रायव्हरच्या कॅरीत (चेंडूनं हवेत कापलेल्या अंतरात) सात-आठ यार्डांचा फरक पडू शकतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, त्याचे दोनेक यार्ड वेगळे. याचा अर्थ असा की जुन्या क्लबचे थंडीतले आकडे डोक्यात ठेवून नवा क्लब मे महिन्यात मारला, तर नव्यानं काहीही न करता सात-आठ यार्ड खिशात घातलेले असतात.

जुना आणि नवा एकाच सकाळी, एकाच प्रकारच्या चेंडूंनी मारा. सहाला सुरू करा, आठच्या आत संपवा. पाच जुन्यानं, पाच नव्यानं, पुन्हा पाच जुन्यानं, पाच नव्यानं. आधी सगळे जुन्यानं मारले तर नव्याच्या पाळीला अंग मोकळं झालेलं असतं किंवा थकलेलं, आणि तुलना बिघडते. रेंजवरचे (सरावाच्या मैदानावरचे) घासलेले चेंडू यासाठी नकोत. ते कमी जातात आणि प्रत्येक वेगळा वागतो. वापरातलेच, एकाच छापाचे दहा चेंडू न्या. सर्वांत लांब गेलेला फटका विसरा. प्रत्येक क्लबच्या दहापैकी किती चेंडू तीस यार्डांच्या पट्ट्यात राहिले ते लिहून ठेवा. या कसोटीवर मॅक्सची चुणूक दिसते. त्याचा सर्वोत्तम फटका जुन्या चांगल्या ड्रायव्हरपेक्षा फार पुढे जात नाही. त्याचा वाईट फटका मात्र खूपच कमी वाईट असतो.

लाँच मॉनिटर (फटका मोजणारं यंत्र) हाताशी असेल, किंवा त्यासाठी दुरांतोनं मुंबई गाठायची तयारी असेल, तर चार आकडे मागा: क्लबचा वेग, चेंडूचा वेग, लाँचचा कोन आणि स्पिन. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग हे गुणोत्तर १.५ च्या जितकं जवळ तितका फटका मधोमध. ९० मैलांच्या आसपासच्या खेळाडूला १३ ते १५ अंश लाँच आणि मिनिटाला २,४०० ते २,९०० फेऱ्यांचा स्पिन म्हणजे उत्तम. स्पिन ३,५०० च्या वर असेल तर हेड बदलण्याआधी चेंडू फेसवर कुठे लागतो ते पाहा.

हेडच्या मानेत आठ जागांचा स्लीव्ह (शाफ्टच्या टोकाची फिरवून बसवता येणारी नळी) आहे. त्यानं लॉफ्ट दीड अंशापर्यंत वर-खाली होतो. छोटं अधिक चिन्ह म्हणजे एक अंश, मोठं म्हणजे दीड. फ्लॅटच्या जागांवर लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) तीन अंशांपर्यंत सपाट होतो. लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो आणि कमी केला की उघडतो, हे दुकानात क्वचितच कोणी सांगतं. म्हणून स्लाइसवाल्यानं लॉफ्ट कमी करणं म्हणजे दुखण्यात भर. त्यानं अधिक चिन्हाकडे जावं आणि फ्लॅटला हात लावू नये. फ्लॅट ज्यांचा चेंडू डावीकडे जातो त्यांच्यासाठी. स्लीव्ह फिरवला की शाफ्टही फिरतो, त्यामुळे शाफ्टवरची अक्षरं भलतीकडे जातात. ते ठीक आहे. पण ग्रिपखाली बोटांना जाणवणारी उभी कड असलेली ग्रिप बसवली असेल तर ती कडही फिरते. स्लीव्ह बदलत राहायचा असेल तर गोल ग्रिपच ठेवा.

स्क्रू सोबत मिळणाऱ्या टॉर्क रेंचनंच आवळायचा, 'टक्' असा आवाज येईपर्यंत, आणि तिथेच थांबायचं. गॅरेजमधल्या साध्या रेंचनं जास्त आवळला तर आटे जातात. सैल राहिला तर फटक्यागणिक बारीक करकर ऐकू येते. नव्या क्लबवर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर मानेचा आणि मागच्या वजनाचा, दोन्ही स्क्रू एकदा तपासावेत.

शाफ्टमध्ये कंपनीचा आल्टा सीबी ५५ हा हलका शाफ्ट आहे. सीबी म्हणजे काउंटर बॅलन्स, म्हणजे वजनाचा तोल ग्रिपच्या बाजूला. याच किमतीत टूर २.० क्रोम ६५ आणि ७५ ग्रॅम गटातही मिळतो. शांत लयीनं खेळणाऱ्याला आल्टा पुरेसा आहे. वरून झटक्यानं खाली येणाऱ्याला तो अपुरा वाटतो, हेड कुठे आहे ते कळत नाही. अशानं ६५ चा मारून पाहावा. शाफ्टचा ताठपणा सांगणाऱ्या आर, एसआर, एस या अक्षरांवर फार विसंबू नका. ताठपणाचं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही, एका कंपनीचा एस दुसऱ्याच्या आरइतका मऊ असू शकतो.

लांबी कमी करायचा मोह होतो, आणि तो बहुतेकदा योग्य असतो. पण कापण्याआधी महिनाभर ग्रिपवर एक इंच खाली धरून खेळा. डाग मध्याकडे आले तरच कापा. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) सुमारे तीन अंकांनी घटतं. ते परत आणायला हेडमध्ये साधारण सहा ग्रॅम वाढवावे लागतात, कारण दोन ग्रॅमला एक अंक. त्यासाठी जास्त ग्रॅमचं मागचं वजन मागवा, नाहीतर सोलवर (हेडच्या तळाला) शिशाची पट्टी लावा. हे न करता नुसता कापलेला ड्रायव्हर हातात काठीसारखा लागतो.

टीबद्दल. इतक्या उंच फेसच्या हेडला पावणेतीन ते सव्वातीन इंचांची टी लागते. क्लब जमिनीला टेकवल्यावर निम्मा चेंडू क्राउनच्या (हेडच्या वरच्या भागाच्या) वर दिसला पाहिजे. आपल्या काळ्या मातीत फेब्रुवारी ते जून लाकडी टी आत शिरतच नाही, कडेला भेग आणि हातात मोडकी टी. मग लोक ती अर्धवट, तिरकी लावतात, चेंडू खाली राहतो आणि फटका फेसच्या तळाला बसतो. बॅगेत एक बारीक पेचकस ठेवा, आधी भोक पाडा, मग टी. पावसाळ्यात उलट होतं. माती चिकट होते, टी हळूहळू खचते, आणि जमिनीला घासलेल्या सोलचा चिखल फेसच्या खोबणीपर्यंत जातो. ओल्या कापडानं दर फटक्यानंतर पुसा. टी गरजेपेक्षा उंच झाली तर चेंडू क्राउनच्या कडेला लागून आभाळात जातो आणि रंगावर पांढरा ओरखडा सोडतो. तो कोणतीही वॉरंटी भरून देत नाही.

आवाज थोडा मोकळा, धातूचा आहे. बंद रेंजवर तो कानाला लागतो, उघड्यावर नाही. एवढ्यासाठी हा क्लब नाकारू नये. मात्र तोच आवाज एके दिवशी अचानक बद्द झाला तर खेळ थांबवा. फेसवर नखानं आडवं-उभं हळू फिरवा, केसाएवढी भेग नखाला अडते. हेड हलवल्यावर आत खडखड वाजत असेल तर बहुधा आतल्या गोंदाचा तुकडा सुटलेला असतो. खेळाला अपाय नाही, पण वॉरंटीत असताना दाखवून घ्या.

मार्च ते जून ड्रायव्हर गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच चढतं. स्लीव्ह आणि शाफ्ट जोडणारं इपॉक्सी आणि ग्रिपखालची चिकटपट्टी दोन्ही नरम होतात. ग्रिप एक-दोन मिलिमीटर वळली तरी हात चुकीच्या जागी पडतात आणि कारण कळत नाही. घामानं गुळगुळीत झालेली ग्रिप पंधरा दिवसांनी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणानं मऊ ब्रशनं धुवा, सावलीत वाळवा. तळहाताला फार घाम येत असेल तर दोरा घातलेली ग्रिप बसवून घ्या आणि दोन हातमोजे आलटून पालटून वापरा.

जुना घेताना नकली माल ओळखावा लागतो. मानेवर कोरलेला अनुक्रमांक हवाच. तो पिंगच्या अधिकृत विक्रेत्याकडून तपासून घ्या, मग पैसे द्या. मागचं वजन काढून काट्यावर ठेवा, आकडा २५ ग्रॅमच्या जवळ यायला हवा, कमी-जास्त असेल तर ते कोणी, का बदललं ते विचारा. स्लीव्ह बाहेर काढून सगळ्या आठ जागांवर एकेकदा बसवा. अस्सल स्लीव्ह प्रत्येक जागी घट्ट बसतो, नकली एखाद्या जागी डुलतो. शेवटी क्लब जमिनीवर टेकवून वरून पाहा: क्राउन आणि फेस जिथे मिळतात ती रेषा अस्सल हेडवर एकसलग जाते. तिथे रंग पाझरलेला दिसला तर क्लब परत करा.