पुरस्कार मिळालेली प्रेमकादंबरी: वाचनकट्ट्यासाठी कोणती घ्यावी?

वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्याला प्रेमकथा घ्यायची ठरली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गटांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पुरस्कार मिळालेली कुठली आहे?" नुसत्या या प्रश्नावर पुस्तक निवडलं की घोटाळा होतो. कुणी "यात प्रेम कुठे आहे?" म्हणत पन्नासाव्या पानावर थांबतं, कुणाला शेवट सोसत नाही.

याचं कारण पुरस्कारांच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संस्थेने 1982 पासून 2019 पर्यंत फक्त प्रेमकादंबऱ्यांसाठी पुरस्कार दिले. 1990 पासून त्यांना 'रीटा' म्हणत. तिथे ऐतिहासिक, समकालीन, रहस्यप्रधान, अद्भुत अशा उपप्रकारांची नामांकनं वेगवेगळी निघायची. मुख्य अट अशी, की गोष्टीच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. नामांकन झालं म्हणजे वाचकाला या दोन गोष्टींची हमी मिळायची. आपल्याकडे साहित्य अकादमी मिळतं ते साहित्यकृती म्हणून, आणि ज्ञानपीठ लेखकाच्या एकूण लेखनासाठी. प्रेमकथेचा वेगळा रकाना तिथे नाही. त्यामुळे पुरस्कारावरून भाषेचं आणि आवाक्याचं वजन कळतं, पण प्रेमाने किती पानं व्यापली आहेत आणि शेवट कुठे जातो हे कळत नाही. हे दोन प्रश्न आणि गोष्ट कोण सांगतंय हा तिसरा, एवढं पाहून निवड केली तर फसगत होत नाही. खाली पुरस्कारवाल्या तीन कादंबऱ्यांना जास्त जागा दिली आहे. पुरस्काराच्या चर्चेबाहेरच्या चार थोडक्यात घेतल्या आहेत, कारण काही वाचकांसाठी त्याच जास्त योग्य आहेत.

ययाति (पौराणिक)

वि. स. खांडेकरांची ही कादंबरी 1959ची. 1960चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि 1974चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलं. कथा महाभारतातली असली तरी रचना खांडेकरांची आहे: राजा ययाति, त्याची राणी देवयानी आणि तिची दासी झालेली शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू स्वतःच्या तोंडून सांगतात. गटात वाचायला याहून सोयीची रचना नाही. ययातीच्या भागात देवयानी गर्विष्ठ, हेकेखोर वाटते आणि वाचक त्याच्या बाजूला झुकतो. मग तिचं निवेदन येतं. कचावर तिने जीव लावला होता, संजीवनी विद्या घेऊन तो निघाला आणि तिला नाकारून गेला. ही जखम तिच्याच शब्दांत वाचली की आधीचं मत डळमळतं. पुढे शर्मिष्ठा बोलू लागते: राजकन्या असून दासी झालेली, आणि तरी तिघांत सर्वांत कमी कडवट. एकाच घटनेवर तीन साक्षी झाल्यामुळे कट्ट्यावर वाद आपोआप पेटतो, प्रश्न काढून आणावे लागत नाहीत.

वाचकांच्या मतांत दोन तट ठरलेले. जुन्या पिढीला यातली सुभाषितासारखी वाक्यं प्रिय असतात, ती वहीत उतरवून घेतलेली सापडतात. तरुण वाचकांना तीच भाषा जड वाटते. कचाचं चिंतन लांबतं, ही तक्रार दोन्हीकडून येते आणि ती खरी आहे. खांडेकरांनी कच आणि ययातीचा विरक्त भाऊ यति यांना मूळ कथेपेक्षा बरीच मोठी जागा दिली आहे, कारण त्यांना भोग आणि संयम यांचा झगडा मांडायचा होता. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे: ययाति आपल्या वासनेला प्रेमाचा शोध म्हणत राहतो आणि स्वतःचीच कीव करतो. आमच्या मते हा कादंबरीचा दोष नाही. निवेदन त्याचं आहे, म्हणून तो स्वतःला सूट देतो. ती सूट वाचकाने द्यायची की नाही, हाच चर्चेचा मुद्दा.

पुस्तक बहुतेकांच्या हातून सुटतं ते सुरुवातीला. ययातीचं बालपण आणि राजवाड्यातले प्रसंग लांबतात, देवयानी उशिरा येते. ही गोष्ट गटाला आधीच सांगून ठेवा. चारशेच्या आसपास पानं आहेत. रोज पंचवीस पानांच्या हिशेबाने अडीच आठवडे धरा आणि एका बैठकीत उरकू नका. पहिली बैठक देवयानीचं लग्न होईपर्यंत, दुसरी पूर्ण कादंबरीवर, अशी विभागणी चांगली बसते.

सीमाभागातल्या वाचकाला इथे एक जादा फायदा आहे. गिरीश कर्नाडांचं पहिलं कन्नड नाटकही 'ययाति'च, 1961चं. त्यात ययातीचा मुलगा पुरू याची बायको चित्रलेखा येते. सासऱ्याला शापाने आलेलं म्हातारपण नवऱ्याने अंगावर घेतलं, तेव्हा तिने काय करायचं, हा प्रश्न कर्नाड तिच्या तोंडून विचारतात. गटात कन्नड वाचणारं कुणी असेल तर दुसऱ्या बैठकीला त्यांच्याकडून तो भाग ऐका. एकच शाप दोन भाषांत कसा वेगळ्या माणसावर कोसळतो ते समोरासमोर दिसतं.

स्वामी (ऐतिहासिक)

रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, म्हणजे बेळगावला जवळचेच. त्यांची ही 1962ची कादंबरी, 1964चा साहित्य अकादमी पुरस्कार. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांचं नातं हा तिचा जीव आहे, पण ते नातं पानापानावर नाही. राघोबादादांशी चाललेला घरातला कलह, निजाम, हैदरावरच्या कर्नाटकातल्या मोहिमा, दरबार, रामशास्त्री, यांतून वाट काढत नवरा-बायको एकमेकांना थोडा वेळ भेटतात. लहानपणी लग्न लागलेलं जोडपं कर्तेपणाच्या ओझ्याखाली मोठं होतं. प्रेम बोलण्यापेक्षा जपण्यातून, रुसव्यातून, वाट पाहण्यातून दिसतं. ज्यांना प्रेमाचे लांबलचक संवाद हवे असतात ते इथे निराश होतात. ज्यांना संयत शृंगार आवडतो त्यांना या कादंबरीसारखी दुसरी नाही.

'ययाति'शी थेट तुलना केली तर फरक असा: 'ययाति'त प्रेम फसतं ते माणसांच्या स्वभावामुळे, 'स्वामी'त ते आखूड पडतं काळामुळे आणि आजारामुळे. 'ययाति' वाचून माणसं भांडतात, 'स्वामी' वाचून गप्प होतात. गप्प झालेल्या गटाकडून चर्चा काढून घेणं अवघड, हे कट्टा चालवणाऱ्याने लक्षात ठेवावं.

शेवट इतिहासात ठरलेलाच आहे. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला माधवराव क्षयाने गेले, वय 27, आणि रमाबाई सती गेल्या. कादंबरी हे सहगमन उदात्त करून मांडते. पूर्वीच्या वाचकांनी तिथे डोळे पुसले, आजच्या कॉलेजातल्या मुली तिथेच अडतात आणि त्यांचं अडणं रास्त आहे. हा विषय टाळून 'स्वामी'वर बैठक घेऊ नये. पहिल्या अर्ध्या तासात रमाबाईंविषयी बोला, शेवटाचा प्रश्न त्यानंतर मोकळेपणी समोर ठेवा. उलट केलंत तर बाकीची कादंबरी चर्चेत येतच नाही.

याच प्रकारात ना. सं. इनामदारांची 'राऊ' (1972) आहे, बाजीराव-मस्तानीची. इथे प्रेम मध्यभागी आहे, घराण्याचा विरोध उघड आहे आणि गती जास्त आहे. 2015चा हिंदी चित्रपट याच कादंबरीवर आधारलेला, त्यामुळे चित्रपट पाहून आलेल्याला पुस्तकात शिरणं सोपं जातं. ऐतिहासिक प्रेमकथेची गोडी नव्याने लावायची असेल तर आधी 'राऊ', मग 'स्वामी'.

वंशवृक्ष (कौटुंबिक, अनुवादित)

एस. एल. भैरप्पांची ही 1965ची कन्नड कादंबरी. मराठी अनुवाद उमा कुलकर्णींचा, त्याला 1989चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. उमाताईंचं माहेर बेळगावचं. पती विरूपाक्ष कन्नड मजकूर वाचून दाखवणार आणि त्यावरून त्या मराठी करणार, ही त्यांची कामाची रीत साहित्यवर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. कानाने आलेल्या भाषेचा ओघ अनुवादात जाणवतो. वाक्यं बोलल्यासारखी चालतात.

या पुस्तकाला प्रेमकादंबरी म्हणायचं का, यावर मतभेद आहेत. आम्ही म्हणतो, कारण इथे दोन प्रेमं समांतर चालतात आणि दोन्हींची किंमत पूर्ण मोजली जाते. नंजनगूडच्या श्रीनिवास श्रोत्रींची तरुण विधवा सून कात्यायनी म्हैसूरला कॉलेजात जाते, राजा नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडते, पुनर्विवाह करते आणि मूल मागे सासरी राहतं. तिकडे राजाचे थोरले भाऊ, इतिहासाचे अभ्यासक सदाशिवराव, श्रीलंकेहून आलेल्या करुणारत्नेबरोबर संशोधन करताना तिच्याशी मनाने बांधले जातात. पहिली बायको नागलक्ष्मी घरात आहे. विधवेने लग्न केलं तर तिने मुलावरचा हक्क सोडायचा का? बायको हयात असताना केवळ बौद्धिक ओढीने दुसरं लग्न केलं तर ते प्रेम की अन्याय? भैरप्पा बाजू घेतात की नाही, यावर वाचक आजही एकमत होत नाहीत. कात्यायनीच्या वाट्याला जे येतं ती लेखकाने दिलेली शिक्षा आहे, असं अनेक स्त्री वाचकांचं मत आहे. दुसरा तट श्रोत्रींच्या शेवटच्या भागाकडे बोट दाखवतो, जिथे वंशाचा सगळा अभिमानच हादरतो. तो भाग काय, हे सांगून रसभंग करायचा नाही.

अडचण एकच. गोत्र, श्राद्ध, धर्मशास्त्र यांची चर्चा जागोजागी येते. ती वगळून वाचलं तर शेवट लागत नाही, कारण शेवटाचा पाया त्याच चर्चेत घातलेला आहे. सावकाश वाचा, एका महिन्याऐवजी दोन महिने घ्या. ज्या घरात आई मराठी वाचते आणि मुलं कन्नड शाळेत शिकलेली आहेत, तिथे एकच पुस्तक दोन भाषांत घेता येतं. सीमाभागासाठी पुरस्कारवाल्या यादीतली आमची पहिली पसंती म्हणून हीच, 'ययाति' दुसरी.

लहान आणि वेगळ्या

पु. शि. रेगे यांची 'सावित्री' (1962) पूर्ण पत्ररूप आहे, आणि पत्रं फक्त सावित्रीची. ज्याला ती लिहिते त्याचं एकही उत्तर आपल्याला दिसत नाही. त्याने काय लिहिलं असेल ते तिच्या पुढच्या पत्रातल्या एखाद्या ओळीवरून ताडायचं. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, पण युद्धाचा गोंगाट बाहेर राहतो. एका संध्याकाळी वाचून होईल इतकी छोटी आहे, आणि तसं भराभर वाचलं की "काही घडतच नाही" अशी तक्रार येते. दिवसाला चार-पाच पत्रं, एवढंच वाचा. मोठ्याने वाचून दाखवायला याहून चांगलं पुस्तक नाही. मराठी अडखळत वाचणाऱ्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही पत्राचा छोटा तुकडा झेपतो. समाधान देणारी प्रेमकथा मागणाऱ्यालाही आम्ही हीच देऊ, कारण इथे प्रेम माणसाला मोठं करतं.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' (2006) समकालीन. पुण्यातल्या घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघंही पडतात. आधी तनयचं निवेदन, मग अनुजाचं. सोडून गेलेला माणूस दोघांच्या आठवणीत वेगवेगळा उरतो, हे तिचं बळ. महाविद्यालयीन गटाला ही सर्वांत जवळची वाटते. मिश्र वयाच्या गटात घेणार असाल तर विषय आधी सांगा, म्हणजे कुणी अवघडून बसणार नाही. इंग्रजीकडे वळलेल्यांसाठी जेरी पिंटो यांचा 2013चा अनुवाद आहे.

जयवंत दळवींची 'महानंदा' कोकण-गोव्याकडच्या भाविणीच्या, म्हणजे देवाला वाहिलेल्या स्त्रीच्या, मुलीची प्रेमकथा. सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर ज्यांनी पाहिला आहे आणि देवाला मुली सोडण्याची चाल ज्यांना घरच्या बोलण्यातून ठाऊक आहे, त्यांना ती इतरांपेक्षा खोल लागते. कर्नाटकात ही चाल कायद्याने बंद झाली ती 1982च्या कायद्याने. बैठकीला ही माहिती जवळ असू द्या, चर्चा "जुन्या काळी असं असायचं" यावर थांबत नाही.

पुस्तकं मिळवताना

दहा जणांच्या गटाला किमान चार प्रती लागतात. ग्रंथालयात एका शीर्षकाच्या बहुधा एक-दोनच असतात, म्हणून उरलेल्या दोन महिने आधी मागवा. कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनांच्या सुमारास पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथेही चौकशी करावी. 'वंशवृक्ष' घेताना अनुवादकाचं नाव तपासा. 'ययाति' आणि 'स्वामी'च्या जुन्या ग्रंथालयीन प्रतींची शिवण सैल झालेली असते. पुस्तक घरी नेण्याआधी काउंटरवरच शेवटचं प्रकरण उघडून पानांचे क्रमांक सलग आहेत का ते बघा, आणि पानं गळाली असतील तर ग्रंथपालांना दाखवून नोंद करून घ्या.