नऊ महिने .४५-७० खांद्यावर: युकॉनमधला वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, नऊ महिन्यांत माझ्या या .४५-७० काडतुसाच्या बंदुकीतून १४३ बार झाले आणि त्यातली जनावरावर फक्त दोन. बाकी सगळी रेंजवर कागदाला भोकं पाडण्यात गेली. उरलेला वेळ ती खांद्यावर होती, होडीत होती, स्नोमोबाइलला बांधलेली होती, नाहीतर तंबूबाहेर ताडपत्रीखाली पडून होती. म्हणून नेमाबद्दल मी थोडंच बोलेन आणि वागवण्याबद्दल जास्त.

मी व्हाइटहॉर्सला राहतो, कॅनडाच्या युकॉनमध्ये. घरं तापवणाऱ्या भट्ट्या, म्हणजे फर्नेस, दुरुस्त करतो. मूळ गाव चिपळूणच्या बाजूला. आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. ते रानडुकराच्या गोष्टी सांगायचे त्या १९७२चा वन्यजीव कायदा येण्याआधीच्या. मी स्वतः देशात असताना एनसीसीतली पॉइंट टू-टू (.२२, बारीक गोळीची हलकी रायफल) सोडून कशालाही हात लावला नव्हता. इथं येऊन परवाना काढायचा तर सुरक्षेचा कोर्स, लेखी आणि हाताळणीची परीक्षा, पहिल्या अर्जाला निदान २८ दिवसांची थांबणूक, आणि अर्जावर बायकोची सही. सही देताना बायको म्हणाली, "फ्रीज रिकामा राहिला तर परवाना परत करायचा." शिकारीसाठी युकॉनचा रहिवासी धरायला इथं वर्षभर राहिलेलं असावं लागतं, ते केव्हाच झालं होतं.

आता बंदूक. लिव्हर-अॅक्शन (चापाखालची कडी ओढून पुढचं काडतूस आणायचं), स्टेनलेस, चिकटवलेल्या लाकडी थरांचा दस्ता, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. कंपनीचं नाव घेत नाही. या घाटाच्या सगळ्या बंदुका एकाच खापरपणजीच्या नाती आहेत, आणि मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या सगळ्यांना लागू पडेल. तिचं काडतूस .४५-७०, १८७३चं, अमेरिकी लष्कराचं. नावातच हिशेब आहे: .४५ इंचाची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू. मूळची शिशाची गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅम. इथल्या बहुतेकांकडे असते त्या .३०८ रायफलची गोळी दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास. दोन्ही तळहातावर शेजारी ठेवल्या की करंगळीशेजारी अंगठा ठेवल्यासारखं दिसतं. याच अंगठ्यावर भाळून मी ही घेतली, खोटं कशाला बोलू.

पहिला धडा रेंजवर. हलकी बंदूक आणि जड गोळी म्हणजे धक्का आलाच. पहिल्या दिवशी मर्दुमकी दाखवत बाकावर बसून वीस बार काढले. संध्याकाळी खांदा जांभळा. बाकावर बसून ही बंदूक कधी चालवू नये, उभं राहून चालवावी, शरीर मागे झुलतं आणि धक्का पचतो. ते कळेपर्यंत खोड लागून गेली होती. माझा शेजारी सत्तरीचा, जन्मापासून इथलाच. त्यानं माझ्या नकळत चार खऱ्या काडतुसांत एक खोटं काडतूस भरून दिलं. तिसऱ्याला मी चाप ओढला. आवाज आला नुसता "टक", आणि नळीचं तोंड वीतभर खाली गेलेलं मीच डोळ्यांनी पाहिलं. बार होतो तेव्हा हे दिसत नाही, धक्क्यात झाकून जातं. म्हणजे इतके दिवस मी बाराआधीच घाबरून बंदूक खाली दाबत होतो आणि दोष माशीला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेला, देत होतो. तो हसला नाही. "आता महिनाभर पॉइंट टू-टू," एवढंच म्हणाला. महिनाभर तेच केलं. मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीची, बंदूक घेणाऱ्यानं शेजारी एक पॉइंट टू-टू ठेवावी. हा खर्च दुकानदार सांगत नाही. काडतुसाचा खर्चही मोठा आहे. मला एक चार डॉलरच्या वर पडलं.

अंतराबद्दल थोडक्यात. जुन्या बेताची ४०५ ग्रेनची गोळी १०० यार्डांवर नेम बसवून २०० वर मारली तर दीड-दोन फूट खाली पडते. नव्या, हलक्या आणि जोरदार काडतुसांनी हे बरंच सुधारतं. तरी शंभर-सव्वाशे मीटरच्या पुढे मी चाप ओढत नाही. आणखी एक भानगड गोळीच्या टोकाची. यात काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, एकाचं टोक पुढच्याच्या बुडावर. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्यानं पुढचं काडतूस आतच उडायची भीती, म्हणून गोळी चपट्या नाकाची, नाहीतर मऊ प्लॅस्टिकच्या टोकाची हवी. स्वस्त मिळालं म्हणून वाटेल ते भरू नका.

सप्टेंबरच्या शेवटी मूसच्या, म्हणजे इथल्या अवाढव्य हरणाच्या, शिकारीला गेलो. इथला मोसम ऑगस्ट ते ऑक्टोबरअखेर, पण नर मूस हाकेला येतो तो सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, माजावर असताना. शेजाऱ्याकडे बर्चच्या सालीचा कर्णा आहे. त्यातून तो मादीसारखा लांब हंबरतो, मग खांद्याचं वाळकं हाड विलोच्या झुडपांवर घासतो, जणू दुसरा नर शिंगं घासतोय. मग बादलीनं नदीत वरून पाणी ओततो, मादी मुतल्यासारखा आवाज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. दोन संध्याकाळी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे साठ मीटरवर झुडपं हलली आणि त्यांच्या वर शिंगं दिसली. बाकी जनावर दिसतच नव्हतं. एवढं मोठं जनावर इतक्या गुपचूप कसं येतं ते मला अजून कळलेलं नाही.

तो पाण्यातून बाहेर येईपर्यंत थांबलो. पाण्यात मूस मारू नये हे इथं पोरंसोरंही जाणतात. पाचशे-सहाशे किलोचं धूड गार पाण्यात कापायचं म्हणजे शिक्षाच. कोरड्यावर आला, आडवा झाला, पुढच्या पायामागे नेम धरला आणि बार काढला. आणि काही झालं नाही. म्हणजे तो पडला नाही. चार पावलं चालला, उभा राहिला, जणू काही विसरलंय. मी लिव्हर ओढून दुसरा बार काढला. मग तो झुडपांत शिरला आणि पन्नासेक मीटरवर पडलेला सापडला. दोन्ही गोळ्या आरपार, दोन्ही फुप्फुसांतून.

"मोठ्या बोअरनं जनावर जागेवर लोळतं" असं जे म्हणतात ते मी तेव्हापासून मानत नाही. साधा हिशेब आहे. गोळीचा सगळा धक्का माझ्या खांद्यालाही बसतो. त्यानं सत्तर किलोचा मी पडत नाही, तर सहाशे किलोचा मूस कसा पडेल? जनावर पडतं ते रक्त जाऊन, फुप्फुसं निकामी होऊन, नाहीतर मणका तुटून. मोठं भोक झालं की माग काढायला रक्त बरं मिळतं, जाड हाड लागलं तरी गोळी वाट सोडत नाही. फायदा इतकाच. शेजाऱ्याच्या जुन्या .३०-०६ रायफलनं (तिची गोळी बारीक) हेच काम झालं असतं आणि माझा खांदाही शाबूत राहिला असता. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, पण त्या संध्याकाळी आपली बंदूक जरा जास्तच प्रेमानं पुसत होता.

खरं काम नंतर. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथं गुन्हा आहे. चार फऱ्या, मागची एकेक तंगडी पन्नास किलोच्या वर, पायाखाली शेवाळ आणि गुडघाभर ओल. अंधार पडला तेव्हा दोन वाटे उरले होते. ते आतड्यांच्या ढिगापासून शंभरेक मीटर दूर, उघड्यावर, लांबून दिसतील असे ठेवून आलो. सकाळी गाणी म्हणत, आरडाओरडा करत परत गेलो. (मी आरती म्हणत होतो. शेजाऱ्याला चाल आवडली.) आमचे वाटे जागेवर होते, पण आतड्यांचा ढीग नव्हता. त्या जागी माती, शेवाळ आणि उपटलेली झुडपं ओढून केलेला मोठा उकिरडा होता, म्हशीच्या आकाराचा. ग्रिझली अस्वल आपलं अन्न असं पुरून ठेवतं आणि जवळपासच बसतं. अस्वल दिसलं नाही. त्या पंधरा मिनिटांत वाटे उचलताना छातीवर बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) होता आणि हातात ही बंदूक, घोडा अर्धा चढवलेला. दाट झुडपांत, दहा पावलांवरून काही आलं तर हातात काय हवं, याचं उत्तर मला तिथं मिळालं. आखूड नळी, झटक्यात खांद्याला लागणारी, एकामागोमाग बार काढता येणारी. तेव्हा खांद्याचं जांभळेपण आठवलंसुद्धा नाही.

मूसचं सुकं मालवणी मसाल्यात अप्रतिम होतं. मांस तंतूंचं आणि चरबी कमी, म्हणून मंद आचेवर तीन तास. वाटे पाडून शेजारी-पाजारी पोचवले. या बाबतीत इथली रीत आणि आमच्या गावची रीत एकच निघाली.

आता थंडी. हीच खरी परीक्षा, आणि इथं मीच नापास झालो. फेब्रुवारीत आयशिहिक तळ्याच्या बाजूला बायसनच्या, म्हणजे इथल्या रानटी बैलांच्या, शिकारीला गेलो. युकॉनमधले हे वूड बायसन १९८०च्या दशकात परत आणून सोडलेले, आता हजारावर आहेत. गंमत म्हणजे १८७०च्या दशकात खाली अमेरिकेच्या मैदानांवर बायसनचा जो संहार झाला त्यात .४५-७० हे एक काडतूस होतं. तेच काडतूस घेऊन मी परत आलेल्या कळपामागे चाललो होतो. पण यांनी स्नोमोबाइलचा आवाज ओळखायला शिकून घेतलंय, म्हणून शेवटचा दीड किलोमीटर स्नोशूवर (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) चालत गेलो. उणे ३१. वारा नाही. नव्वद मीटरवर मादी आडवी उभी, पाठीवर दहिवर, नाकातून वाफ. घोडा चढवला, चाप ओढला. घोडा पडला तो झोपेतून उठल्यासारखा. "टक."

बार झाला नाही तर नळी तशीच समोर धरून थांबायचं, काडतूस उशिरा पेटू शकतं. मी थांबलो. तेवढ्यात त्या निवांत हवेत धातूचा आवाज पोचला होता. कळप वळला आणि गेला.

तंबूत शेजाऱ्यानं बोल्ट काढला, दोन बोटांनी चोळला आणि बोटं माझ्यासमोर धरली. आतलं ग्रीस घट्ट होऊन मेणासारखं झालं होतं. दोष बंदुकीचा नाही, माझा. कोकणात लोखंडाचा वैरी गंज. आजोबा पावसाळ्यात बंदूक तेलात न्हाऊ घालायचे. ते पाहून वाढलेला मी, घरून निघताना सगळ्या सांध्यांत मनसोक्त ग्रीस भरून आलो होतो. आणि मी फर्नेसवाला! थंडीत तेल घट्ट होतं हे गिऱ्हाइकांना रोज सांगतो. आता थंडीत बोल्ट, फायरिंग पिन, घोड्याची स्प्रिंग, सगळं कॅम्प स्टोव्हच्या पांढऱ्या इंधनात धुतो (घराबाहेर, आगीपासून लांब), वाळवतो आणि नुसती ग्रॅफाइटची पूड लावतो. बाबा फोनवर विचारतात, "बंदुकीला तेल घालतोस ना?" मी हो म्हणतो.

थंडीतल्या आणखी खोड्या. बंदूक उबदार तंबूत आणू नये. चष्म्यावर वाफ धरते तशी आतल्या प्रत्येक पिनवर धरते, मग बाहेर नेली की गोठते. ती बाहेरच झोपते. घरी आणताना पिशवीची चेन बाहेरच लावून घ्यायची, म्हणजे ओल पिशवीवर धरते. नळीच्या तोंडाला साधी चिकटपट्टी लावतो. बर्फ आत जात नाही आणि बार तिच्यातूनच निघतो. लिव्हरची कडी मोठी आहे, जाड हातमोज्यात हात मावतो, हे फार सोयीचं. काडतूस भरायचा बाजूचा दरवाजा मात्र वैताग. स्प्रिंग कडक, हातमोज्यानं जमत नाही, मोजा काढला तर अंगठ्याची कातडी धातूला चिकटते. पीप साइटच्या (भोकातून पाहून नेम धरायच्या मागच्या चकतीच्या) भोकात बर्फ भरतो. फुंकर मारली की लगेच बर्फाचं भिंग तयार! फुंकू नका, सुका पाइप क्लीनर खिशात ठेवा. दुर्बीण लावून पाहिली होती, दोन आठवड्यांत काढली. डोळा जरा पुढे गेला आणि भुवईवर चंद्रकोर उमटली. ऑफिसात सगळ्यांना वाटलं घरी भांडण झालं.

आतापर्यंत झालेली दुरुस्ती: पट्ट्याचा मागचा स्क्रू दोनदा ढिला झाला, एकदा चालता चालता बंदूक बर्फात पडली. आता थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावलाय. दस्त्याच्या बुडाचं रबर उणे तिशीत दगड होतं, म्हणून हिवाळ्यात धक्का जास्त वाटतो. पण तेव्हा अंगावर एवढे कपडे असतात की हिशेब बरोबरीत सुटतो.

विकणार का, असं बायकोनं विचारलं. नाही. मोकळ्या माळावर, हिवाळ्यात, बायसनला .३०-०६ घेईन. शेजारी उसनी देतो म्हणालाय. नदीकाठच्या झुडपांत, अस्वलांच्या मुलखात मूसला हीच. पहिलीच बंदूक घेत असाल तर मात्र ही नको.

बर्फ वितळला की पीप साइटचं भोक जरा मोठं करून बघणार आहे. डोळे पंचेचाळिशीचे झाले.