प्रीतिसंगम, कऱ्हाड : बागेला तिकीट नाही, बंदुकीला दीडशे

साबणाचे फुगे उडवणारी बॅटरीची बंदूक बागेबाहेर दीडशेला घेतली आणि गाडीपर्यंत पोचेस्तोवर बंद पडली. परत गेलो तर विकणारा म्हणाला, "साहेब, खेळण्याला कुठं वारंटी असती व्हय?" म्हटलं, वॉरंटी राहू दे, अजून पहिली बाटली संपली नाही. तर म्हणे, "पोरानं उलटी धरली असंल." धरली होतीच. पाच वर्षांचं पोर बंदूक उलटीच धरणार, सूचना वाचून थोडंच धरणार आहे? बराच वेळ हुज्जत घातल्यावर त्याने साबणाच्या पाण्याची एक बाटली फुकट दिली. बंद बंदुकीला जादा पाणी! त्या रागात लिहायला बसलोय. नाहीतर गेल्या जूनपासून कऱ्हाडला लागूनच असलेल्या मलकापुरात राहतोय, रविवार आला की प्रीतिसंगम ठरलेला, पण लिहावंसं कधी वाटलं नव्हतं.

कृष्णा-कोयनेचा संगम, यशवंतराव चव्हाणांची समाधी, हिरवळ, झोपाळे, घसरगुंडी हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. फक्त एक सांगतो. बाग बघून परत जाणाऱ्या पाहुण्यांना संगम कळतच नाही. ते हिरवळीवर बसतात, भेळ खातात आणि "छान आहे, नदी पण आहे" म्हणून निघतात. घाटाच्या पायऱ्यांवर या. दोन्ही नद्या निघतात महाबळेश्वरातून. कृष्णा वाईकडून येते. कोयना सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला हेळवाकपर्यंत उतरते, तिथून वळून पाटणमार्गे येते. बाकी ठिकाणी एक नदी दुसरीला तिरकी येऊन मिळते, इथे दोघी समोरासमोर येऊन भिडतात आणि मग काटकोनात पूर्वेला वळतात. पुढचं नाव मात्र एकटीचं, कृष्णा. कोयनेवर हा अन्यायच, असं आमच्या हिचं मत आहे.

दुसरी गोष्ट कळायला हिवाळा उजाडावा लागला. एका रविवारी जी पायरी कोरडी, तीच पुढच्या रविवारी पाण्यात. पाऊस म्हणाल तर थेंब नाही. मग पेपरात वाचलं की कोयना धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून शेतीसाठी पाणी सोडतात. एक जनित्र चालू असलं की १,०५० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, दोन्ही चालली की २,१००. धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी विजेसाठी बोगद्यांतून कोकणात उतरवायचं ठरलेलं. म्हणजे या संगमावर दिसते ती कोकणाचा वाटा काढून उरलेली कोयना. तरीही ऑगस्टात तिच्याकडे बघताना पोटात गोळा येतो. पाणी चढलं की अख्खं कऱ्हाड 'पाणी बघायला' येतं, आम्हीही गेलो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बागेतच पाणी शिरलं होतं, त्याच्या आठवणी घाटावर बसलेला कुणीही माणूस न विचारता सांगतो.

आता मूळ दुखणं. बाग फुकट आहे, बागेतून बाहेर पडणं महाग आहे. भेळ मी खर्चात धरत नाही. ती चांगली असते आणि आपण ती खायलाच आलेलो असतो. भाजलेलं कणीसही समजू शकतो. पण खेळणीवाले! माल नेमका पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर लटकवलेला. आपण लांब असतानाच हे लोक फुग्यांचा एक लोट आपल्या दिशेने सोडतात. पोरगं फुगे धरत धरत आपोआप त्यांच्यापाशी जाऊन उभं राहतं. जाहिरातीवर लाखो रुपये उधळणाऱ्यांनी इथे येऊन शिकावं. मी सगळे उपाय केले. घरून पोटभर खाऊ घालून नेलं. निघतानाच "आज फक्त बघायचं हं" असं वदवून घेतलं. खिशात मोजकेच पैसे ठेवले, तर समोर क्यूआर कोडचा पुठ्ठा. आईला हे रडगाणं सांगितलं तर म्हणाली, "तुला जत्रेत पिपाणी घेतली होती, ती घरी येईस्तोवर फुटली. तेव्हा तुझे वडील काय लिहायला बसले नव्हते."

इथवर लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन तारे देणार होतो. पण मध्ये मी बंदूक उघडली. चार स्क्रू काढले की आत बोटाएवढी मोटार, पंखा आणि एक रबरी नळी. मोटार ठणठणीत होती. उलटी धरली की साबणाचं पाणी खाली गळून बॅटरीच्या पत्र्यांवर जातं आणि तिथे गंज धरतो, एवढाच रोग. जुन्या ब्रशने पत्रे घासले, कोरडे केले, जोडावर चिकटपट्टी लावली. तेव्हापासून चालू आहे. पाणीही घरीच करतो, भांड्यांचा लिक्विड साबण आणि थोडंसं ग्लिसरीन. विकतच्यापेक्षा फुगे मोठे होतात, हे मी मुद्दाम त्या विक्रेत्यासमोर उडवून दाखवलं. त्याने निर्विकारपणे विचारलं, "ग्लिसरीन किती घालता?"

दुसरं म्हणजे आम्ही सकाळी जाऊ लागलो. सकाळी साडेसहाला एकही खेळणीवाला नसतो, आणि मग ही बाग काय चीज आहे ते कळतं. फिरायला आलेले मास्तर लोक, घाटावर आंघोळ करून अर्घ्य देणारे, कट्ट्यावर राजकारण. समाधीपाशी एखादा आजोबा चप्पल काढून हात जोडतो आणि पुढे चालू लागतो. झोपाळ्यासाठी रांग नाही. आई तोवर कृष्णाबाईच्या देवळात जाऊन येते, तिचे गुडघे जितक्या पायऱ्यांची परवानगी देतात तितक्या उतरते. एवढ्या सगळ्याचा खर्च, येताना घेतलेला चहा. संध्याकाळची बाग आणि सकाळची बाग यांना वेगवेगळे तारे द्यायची सोय हवी होती. सकाळचे पाच, संध्याकाळचे तीन. तिसरा भेळेचा आहे.

येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. उन्हाळ्यात संध्याकाळी सहाच्या आधी पायऱ्यांवर बसू नका, दगड तापलेला असतो. सूर्य कलला की डास येतात, पोरांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. २५ नोव्हेंबर हा यशवंतरावांचा स्मृतिदिन, १९८४ मध्ये ते गेले. त्या दिवशी सगळ्या पक्षांचे पुढारी समाधीला येतात, बंदोबस्त असतो. लहान मुलांना घेऊन निवांत बसायचा तो दिवस नाही. बाहेरगावचे असाल तर शनिवार-रविवारी महामार्गावरून गावात शिरायलाच वेळ लागतो हे धरून निघा.

आणि पाण्याचं हलक्यात घेऊ नका. वरून संथ दिसतं, पण दोन प्रवाह एकमेकांवर येतात तिथे खाली ओढ असते. पाणी ओसरल्यावर खालच्या पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ राहतं, वाळलेलं वाटतं तरी पाय सरकतो. ओल्या पायरीच्या वर दोन पायऱ्या सोडून बसायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. मोठ्यांनाही तो लागू. फोटोसाठी मागे मागे सरकणारे सगळे मोठेच असतात.