तारकर्लीच्या पॅकेजमध्ये आमचे २१,७४० रुपये गेले

सुट्टीत मालवण-तारकर्लीला निघालेल्यांनी हे आधी वाचा. इन्स्टावर होमस्टेची जाहिरात, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग क्यूआर कोड. प्रकार सगळ्यांना माहीत आहे, मलाही होता. तरीही सासू-सासऱ्यांना आणि पोरांना घेऊन भर दुपारी देवबागच्या रस्त्यावर बॅगांसकट उभं राहायची वेळ आली. त्या नावाचा होमस्टे तिथे नाहीच.

दोन खोल्या, सिंधुदुर्ग किल्ला, स्कुबा, डॉल्फिन, सुनामी आयलंड, सगळ्याचे मिळून १९,४००. फार स्वस्त नव्हतं, म्हणूनच खरं वाटलं. आधी निम्मे, ९,७००. मग 'बोटीचा विमा आणि जेट्टी टॅक्स' म्हणून २,३४०. मग "गर्दी आहे, उरलेले आत्ताच टाका, नाहीतर खोली जाईल," म्हणून आणखी ९,७००.

मी त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्याला विचारलं होतं, सुनामी आयलंडला किती वाजता नेणार? म्हणाला, "कधीही या मॅडम, दिवसभर चालू असतं." तिथेच फोन ठेवायला हवा होता! कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा आहे तो, भरतीला पाण्याखाली जातो. देवबागचा बोटवाला आधी ओहोटीची वेळ सांगतो, मग पैशाचं बोलतो. आणि किल्ल्याची होडी म्हणे थेट तारकर्लीच्या बीचवरून सुटणार. ती मालवणच्या जेट्टीवरून सुटते. हा मेसेज अजून माझ्याकडे आहे, वाचला की जीव जळतो.

यूपीआयवर नावही भलतंच आलं होतं. "भावाचं खातं आहे," म्हणाला. आता कोकणात घरगुती होमस्टेवाले भावाच्या, बायकोच्या नंबरवर पैसे घेतातच, मी आधीही असेच भरलेत. यात माझा काय मूर्खपणा, सांगा. पण तुम्ही नाव जुळलं नाही तर एक रुपयाही टाकू नका.

खरा संताप पुढचा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०, लागता लागेना. बँकेत गेले तर, "पिन तुम्हीच टाकलात ना?" पहिल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे घरून भरलेत, तिकडे जा. घरच्या ठाण्यात म्हणाले, प्रकार तिकडचा, तिथे जायचं होतं. अहो, हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, २०२४ पासून लागू आहे! ते मी दाखवलं तर साहेब म्हणाले, "रक्कम किती? एवढ्यासाठी?" एवढ्यासाठीच. माझ्या नवऱ्याच्या बोनसमधले पैसे होते ते. शेवटी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली, तिथे अजून 'प्रक्रियेत' एवढंच दिसतं.

१९३० ला पहिल्या तासातच लावत राहा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. व्हिडिओ कॉलवर खोली आणि समोरचा रस्ता दाखवायला सांगा, टाळाटाळ केली की विषय संपला. स्कुबाचे पैसे आगाऊ देऊच नका, एमटीडीसीचं स्कुबा केंद्र तारकर्लीतच आहे, तिथे जाऊन विचारा. भर पावसाळ्यात स्कुबा देतो म्हणणारा तर सरळ चोर, तेव्हा जलक्रीडा बंद असतात. स्क्रीनशॉट त्याच क्षणी काढा, माझे निम्मे मेसेज त्याने डिलीट केले.

तो नंबर अजून चालू आहे. डीपीवर आता दुसऱ्याच होमस्टेचं नाव आहे आणि स्टेटसला नाताळची ऑफर, १७,९०० ची.