इंट ॲरेचा ऑब्जेक्ट ॲरे आणि उलट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत रोज हेच काम करतेय: इंट ॲरे (पूर्णांकांची यादी) आणि ऑब्जेक्ट ॲरे (कुठल्याही प्रकारच्या मूल्यांची यादी) एकमेकांत बदलणं. डेटाबेसमधून ओळ येते ती ऑब्जेक्ट ॲरे म्हणून. तिच्यातून इंट ॲरे काढायचा, आकडेमोड करायची आणि रिपोर्ट बनवणाऱ्या लायब्ररीला पुन्हा ऑब्जेक्ट ॲरे द्यायचा, कारण तिच्या मेथडला दुसरं काही चालत नाही.

पहिल्याच दिवशी अडले. स्ट्रिंगचा (मजकुराचा) ॲरे ऑब्जेक्ट ॲरे म्हणून सहज जातो, इंटचा मात्र कंपाइलर (चालवण्याआधी कोड तपासून बदलणारा प्रोग्राम) घेत नाही. कारण आत डोकावलं की दिसतं. स्ट्रिंग ॲरेच्या घरांत रेफरन्स, म्हणजे मूल्य मेमरीत कुठे आहे त्याचे पत्ते असतात, ऑब्जेक्ट ॲरेच्या घरांतही रेफरन्सच, म्हणून तोच ॲरे दुसऱ्या नावाने वापरता येतो. इंट ॲरेच्या घरात खुद्द ४ बाइटचा आकडा बसलेला असतो. तिथे नवा ॲरे बांधून एकेक आकडा बॉक्स करण्यावाचून, म्हणजे त्याची प्रत वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

ही गोष्ट माहीत असूनही एकदा फसले. ॲरे बदलून घेतला, मग मूळ इंट ॲरेतली एक बेरीज दुरुस्त केली. रिपोर्टमध्ये जुनाच आकडा! अख्खी दुपार रिपोर्टचा कोड तपासण्यात गेली. स्ट्रिंग ॲरेच्या बाबतीत अशी दुरुस्ती लगेच दिसायची, कारण तिथे ॲरे एकच होता. इथे मात्र बॉक्समध्ये गेली होती ती दुरुस्तीआधीची प्रत.

मजकुरातल्या मोकळ्या जागांत मूल्यं भरणाऱ्या स्ट्रिंग.फॉरमॅटनेही असाच घोळ घातला. मजकुरात दोन जागा, पुढे दोन आकड्यांचा इंट ॲरे. कंपाइल झालं, चालवल्यावर फॉरमॅटएक्सेप्शन (एक्सेप्शन म्हणजे प्रोग्राम चालताना येणारी चूक). मेथडने अख्खा इंट ॲरे ही एकच वस्तू धरली होती, त्यामुळे दुसऱ्या जागेसाठी काही उरलंच नाही. स्ट्रिंग ॲरे दिला असता तर त्यातली दोन्ही मूल्यं आपापल्या जागी बसली असती.

आता साधनांबद्दल. २००५ साली डॉटनेट २.० सोबत आलेलं ॲरे.कन्व्हर्टऑल मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. प्रत्येक घटकाचं काय करायचं ते आपण स्वतः लिहितो, त्यामुळे सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं. लिंकमधलं (LINQ, याद्यांवर काम करणाऱ्या मेथडचा संच) कास्ट आणि टूॲरे टेस्टमध्ये वापरते, तिथे ते पुरेसं आहे. ॲरे.कॉपी बॉक्सिंग आणि अनबॉक्सिंग (बॉक्समधून मूल्य परत काढणं) आपणहून करतं, पण मध्येच एक्सेप्शन आलं तर अर्धवट भरलेला ॲरे हाती राहू शकतो. म्हणून ते बंद केलं.

खरा त्रास परतीच्या वाटेवर, ऑब्जेक्टमधून इंट काढताना आहे. डेटाबेसचा कॉलम बिगइंट (मोठा पूर्णांक) असेल तर बॉक्समध्ये लाँग, म्हणजे इंटपेक्षा मोठा पूर्णांक येतो, आणि त्यावर थेट इंटचं कास्ट (टाइप बदलणं) केलं की इन्व्हॅलिडकास्टएक्सेप्शन. आत साधा ५ असला तरीही. अनबॉक्स करताना टाइप तंतोतंत जुळावा लागतो. आधी लाँग काढून मग इंट करा, नाहीतर कन्व्हर्ट.टूइंट३२ वापरा. मी दुसरा मार्ग घेतला, कारण आकडा इंटमध्ये मावला नाही तर तो ओव्हरफ्लोएक्सेप्शन देतो, गुपचूप चुकीचा आकडा देत नाही. रिकाम्या घरात डीबीनल (मूल्य नसल्याची खूण) येतो, त्याची तपासणी मात्र आधी करावीच लागते.

मेमरीचा हिशोब करून पाहिला तेव्हा धक्का बसला. १० लाख इंट म्हणजे साधारण ४ एमबी. ६४ बिटवर तेच बॉक्स केले की प्रत्येकी ८ बाइटचा रेफरन्स आणि २४ बाइटचा ऑब्जेक्ट, म्हणजे ३२ एमबी. वर वापरात नसलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरच्या मागे १० लाख छोटे ऑब्जेक्ट लागतात ते वेगळंच.

त्या दिवसापासून आतल्या सगळ्या मेथड जेनेरिक (कुठल्याही टाइपवर, बॉक्स न करता चालणाऱ्या) केल्या. आकडे शेवटपर्यंत इंटच राहतात. कन्व्हर्टऑल आता एकाच ठिकाणी उरलंय, लायब्ररीला हाक मारण्याच्या अगदी आधीच्या ओळीत, आणि तेही रिपोर्टच्या एका पानापुरत्या ओळींवर चालतं.