पागोळ्यांवर वीज की छपरावर सोलर?

आषाढात आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाऊस लागला की दोन-दोन दिवस उसंत घेत नाही. कुठेतरी झाड तारांवर पडते, वीज जाते, आणि त्या काळोखात पन्हळीतून पाणी मात्र धो धो कोसळत असते. या पाण्यावर छोटे टर्बाइन बसवता आले तर? मी हा विचार बरीच वर्षे केला. नवे छप्पर घालताना तुमच्याही मनात तो असेल, तर पैसे काढण्याआधी हिशेब बघा.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर ते पाणी ३ लाख लिटर होते. आकडा मोठा आहे, पण वीज पाण्याइतकीच ते किती उंचावरून पडते यावर ठरते. एकमजली घराची पन्हळ जमिनीपासून फार तर ४ मीटर. तेवढ्या उंचीवरून ३ लाख लिटर खाली येताना सगळी मिळून सव्वातीन युनिट ऊर्जा असते. टर्बाइन आणि डायनॅमोत निम्मी गेली की उरते दीड युनिट. हे एका दिवसाचे नव्हे, अख्ख्या वर्षाच्या पावसाचे.

माझा यावर विश्वास बसेना. सगळ्या पन्हळी एका पाइपात घेऊन मी खाली २० लिटरची बादली लावली. सर जोरात होती तेव्हा ती १५ सेकंदांत भरली. धारेखाली हात धरला तर हात खाली रेटला जात होता. तरी हिशेब ५२ वॅटचा, आणि हाती येणार निम्मे: दोन-तीन एलईडी दिवे. सर ओसरल्यावर तीच बादली भरायला दोन मिनिटे लागली. तेवढ्यावर मोबाइलसुद्धा धड चार्ज होत नाही. पर्वरीतल्या २५ मीटर उंच इमारतीत तेवढ्याच छपरावर वर्षाला दहाएक युनिट मिळतील, म्हणजे तिथेही फारसा अर्थ नाही.

आता सोलर. १ किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात. पावसाळ्यात ती बरीच घटतात, तरी छपरावरच्या पावसाची अख्ख्या वर्षाची वीज सोलर एखाद-दुसऱ्या ढगाळ दिवसात देऊन जाते. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. पण एक गोष्ट आधीच विचारून घ्या. साधे ऑन-ग्रिड, म्हणजे सरकारी तारांना जोडलेले, सोलर सरकारी वीज गेली की स्वतःही बंद पडते, कारण तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला त्याच्यामुळे शॉक बसू नये. तेव्हा वीज जाण्याचाच त्रास असेल तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल आणि खर्च वाढेल. छपरावर फणसाची दाट सावली असेल तर आधी फांद्यांचे बघा.

पाण्यावरच वीज करायची हौस असेल तर छप्पर सोडा आणि कुळागरातला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतला, व्हाळ (ओढा) बघा. सेकंदाला १० लिटर पाणी आणि १० मीटर उतार मिळाला, तर निम्मे नुकसान धरूनही पावणेपाचशे-पाचशे वॅट रात्रंदिवस मिळतात, म्हणजे दिवसाला जवळपास १२ युनिट. मात्र तोंडाशी जाळी हवी आणि पावसात रोज जाऊन त्यात अडकलेला पाचोळा काढायची तयारी हवी. व्हाळ आटला की वीजही संपते.

छपरावरच्या पाण्याची खरी किंमत मला मे महिन्यात कळते, विहिरीचा तळ दिसायला लागतो तेव्हा. टर्बाइनसाठी जोडलेला तोच पाइप मी खडी आणि वाळूच्या खड्ड्यात सोडला आहे. तिथून गाळलेले पाणी विहिरीत जाते. पहिल्या दोन-तीन सरी मात्र बाहेर सोडतो, कारण कौलांवरची पक्ष्यांची घाण आणि सुकलेले शेवाळ त्यांच्याबरोबर धुऊन येते.